मूल कुणाजवळ होते? : राबणारी आई आणि आपली समीक्षा

दलित साहित्यात आई जितक्या वेळा आली आहे, तितकी मराठीतल्या दुसऱ्या कुठल्याही प्रवाहात क्वचितच आली असेल. कवितेत ती आहे, कथेत आहे, आत्मकथनांच्या तर पानापानांवर आहे. ती मोळी विकते, खडी फोडते, उकिरडे उपसते, स्वतः पाणी पिऊन झोपते आणि लेकराच्या पुढ्यात भाकरी टाकते. आपल्या समीक्षकांनी या आईचा गौरव केला. प्रस्थापित साहित्यातील देवघरात बसवलेल्या वात्सल्यमूर्तीहून ही आई वेगळी आहे, ती श्रमणारी आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. ते खरेही आहे. परंतु या गौरवात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. ही बाई कामावर गेली, तेव्हा तिचे तान्हे मूल कुणाजवळ होते?

हा प्रश्न काहींना किरकोळ वाटेल. अत्याचार, बहिष्कार, भूक, विद्रोह असे मोठे विषय समोर असताना पोर कुणी सांभाळले याची चौकशी साहित्यसमीक्षेने का करावी, असे विचारले जाईल. माझे म्हणणे असे, की दलित साहित्याचे वाचन करताना हा प्रश्न एका कसोटीसारखा वापरता येतो. ज्या लेखनात या प्रश्नाचे उत्तर सापडते, तिथे आई माणूस म्हणून उभी राहिली आहे. जिथे उत्तर सापडत नाही, तिथे ती बहुधा प्रतीक झालेली आहे, मग लेखकाची बांधिलकी कितीही अस्सल असो.

१

मराठीत 'नोकरी करणारी स्त्री' हा एक प्रश्न म्हणून आला तो पांढरपेशा घरांतून. विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली प्रसिद्ध झाले आणि शिकून मिळवत्या झालेल्या मुलींच्या कोंडीची चर्चा सुरू झाली. त्या पुस्तकाचे धाडस कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या चर्चेने एक समज रूढ केला, की बाईने घराबाहेर काम करणे ही नवी गोष्ट आहे. ज्या समाजात आजी, पणजी, खापरपणजी घराबाहेरच राबत आल्या, त्या समाजाला या नवेपणाचा अर्थ कसा लागावा? आपल्या बायकांपुढे घराचा उंबरठा ओलांडावा की नाही हा पेच कधी नव्हताच. उंबरठ्याच्या आत बसून भागेल अशी सोय त्यांना कुणी दिली होती?

१९८२ साली आलेला जब्बार पटेलांचा 'उंबरठा' हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातील सुलभा महाजन ही समाजकार्य शिकलेली स्त्री लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून दूर गावी जाते. त्या बाईची तगमग खरी आहे आणि स्मिता पाटील यांनी ती फार ताकदीने उभी केली. पण माझी कसोटी इथे लावून पाहा. मूल कुणाजवळ आहे? जावेजवळ आहे. मोठ्या घरात आहे. त्याला दूध आहे, खोली आहे, जीव लावणारे माणूस आहे. सुलभाच्या वाट्याला येते ते मुलीच्या दुराव्याचे दुःख. मुलीच्या पोटाची चिंता तिच्या वाट्याला येत नाही. हा तिचा दोष नव्हे, ते तिच्या वर्गाचे आणि जातीचे संचित आहे. आमच्याकडे दुराव्याचे दुःख करायला सवड मिळण्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो : मी परत येईपर्यंत हे जिवंत राहील ना?

ज्योती लांजेवार यांच्या 'आई' या कवितेत या प्रश्नाचे उत्तर सरळ दिलेले आहे. तिथली आई रस्त्याच्या कामावर डांबर वाहते आहे आणि लेकरू बाभळीला टांगलेल्या झोळीत आहे. ही झोळी मला दलित कवितेतल्या पुष्कळ मशालींपेक्षा मोलाची वाटते. झोळी म्हटले की सगळेच येते : सावली मिळेल असे झाड शोधावे लागते, मुकादमाच्या नजरेआड पाजायला जावे लागते, मुंग्या लागतात, पोर रडले तरी हातातले घमेले टाकून धावता येत नाही. ही कविता मुलीने लिहिली आहे, हा केवळ योगायोग नसावा. ती झोळी कशी बांधतात हे मुलीला ठाऊक असते, कारण धाकट्या भावंडाची झोळी हलवण्याचे काम तिच्याकडेच आलेले असते.

२

आता आत्मकथनांकडे वळू. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) मराठी वाचकाला हादरा दिला. कावाखान्यातल्या बाया चिंध्या, कागद, काचेचे तुकडे गोळा करीत हिंडतात, हे वर्णन आपण विसरू शकत नाही. त्यानंतर आलेल्या अनेक पुरुष-आत्मकथनांत आईचे कष्ट असेच तपशिलाने आले. मात्र तिथे मूल म्हणजे निवेदक स्वतः. तो आईकडे भुकेने पाहतो. आई कामावरून येते तेव्हा तिच्या ओच्यात काय आहे, हे त्याला दिसते. ती जाते तेव्हा तिच्या मनात काय आहे, हे त्याला दिसत नाही, आणि त्या वयात दिसावे अशी अपेक्षाही नाही. तक्रार आहे ती समीक्षेबद्दल. मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आईला आपण 'दलित स्त्रीचे चित्रण' म्हणून मोकळे झालो. ते चित्रण मुलाचे होते.

या कथनांत आणखी एक व्यक्ती असते, तिच्याकडे तर कुणाचेच लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे थोरली बहीण. आई कामावर आणि मुलगा शाळेत, मग घरी पाळण्यातले पोर कुणाच्या कडेवर? सात-आठ वर्षांच्या पोरीच्या. तिचे नाव पटावर असलेच तर हळूहळू निघून जाते. पुढे लेखक शिकतो, नोकरीला लागतो, त्याचे पुस्तक छापले जाते. बहिणीचे लग्न एका वाक्यात उरकते.

मी हे दुरून बोलत नाही. माझ्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. आई शेतमजुरीला जायची. माझी थोरली बहीण चौथीतून शाळेबाहेर पडली, कारण मी जन्मले होते. आज मी वर्गात 'दलित साहित्य आणि शिक्षणाची प्रेरणा' हा विषय शिकवते, तेव्हा शाळेची वाट तुडवणाऱ्या नायकाबद्दल विद्यार्थी भरभरून लिहितात. त्या वाटेच्या कडेला भावंड काखेला मारून उभ्या राहिलेल्या मुलीबद्दल लिहा, असे सांगितले की मुली खाली मान घालून लिहू लागतात. मुलगे विचारतात, 'बाई, हे परीक्षेला येणार आहे का?'

३

स्त्रियांनी स्वतः लिहायला घेतले तेव्हा चित्र पालटले. पण किती पालटले, हे नीट पाहिले पाहिजे. नुसता जयघोष केल्याने त्या लेखिकांचा सन्मान होत नाही.

शांताबाई कांबळे १९४२ मध्ये सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या. त्यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'त नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर माहेरी परतणारी आणि पुढे मास्तरीण म्हणून उभी राहणारी बाई आहे. तिच्या निवेदनात रड नाही, आव नाही. पगार, बदली, शाळा, लेकरे हे सारे एकाच सुरात येते. आपल्या समीक्षेने या सुराला 'साधेपणा' म्हटले आणि तिथेच सोडले. मला वाटते, हा सूर हेच त्या लेखनाचे सामर्थ्य आहे. ज्या बाईला शाळेची घंटा आणि घरची चूल एकाच सकाळी सांभाळायची असते, तिच्या जगण्यात मोठे प्रसंग आणि छोटे प्रसंग अशी वर्गवारी नसते. तिचे वाक्यही मग तसेच घडते.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) हे पुस्तक अधिक गुंतागुंतीचे आहे. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून त्या लिहीत राहिल्या आणि लिहिलेले वर्षानुवर्षे दडवून ठेवले. बाळंतपणे, ओल्या बाळंतिणीची उपासमार, सासुरवास हे सर्व या पुस्तकात इतक्या धीटपणे येते, की वाचताना अंगावर काटा येतो. मोळी विकायला गेलेल्या बाईने लाकडात आपला केस किंवा लुगड्याचा धागा अडकून राहिला नाही ना, हे तपासून द्यायचे, हा तपशील अस्पृश्यतेवरच्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक सांगून जातो. पण पुस्तकाचे नावच 'जिणं आमुचं' आहे. 'आमुचं' म्हणताना बाईंनी साऱ्या महारवाड्याला पोटाशी धरले. त्या धरण्यात लेखिकेच्या स्वतःच्या संसाराचे दिवस मात्र बाजूला पडले. दुकान चालवीत, मुले वाढवीत, चोरून लिहीत बाईंचा एक दिवस कसा जाई, हे पुस्तक सांगत नाही. नवऱ्याच्या जाचाबद्दलही त्या बोलल्या त्या पुढे, मुलाखतीत.

असे का व्हावे? बाईंना धीर नव्हता, असे कुणी म्हणू शकणार नाही. मला कारण वेगळे दिसते. चळवळीने आणि चळवळीच्या समीक्षेने कोणते दुःख लिहिण्याजोगे मानले होते? समाजाचे. मग आपले स्वतःचे दुःख, तेही घरातले, चुलीपाशीचे, पोराच्या तापाचे, हे मांडणे म्हणजे समाजाच्या दुःखात वाटेकरी उभा करणे, असे बाईला वाटले तर दोष कुणाचा? कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'चे (१९८१) आपण काय केले, तेही आठवावे. संस्कृत शिकलेल्या दलित मुलीला लग्नाने आडनाव बदलल्यावरच नोकरी मिळते, हा भाग आपण सर्वांनी शंभर वेळा उद्धृत केला. करायलाच हवा. पण स्त्रीच्या लेखनातून आपण नेमके तेच उचलतो, जे कचेरीच्या दारापर्यंत येऊन थांबते. दारातून परत घरी गेलेल्या बाईच्या मागे आपली समीक्षा जात नाही.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'ने (२००३) ही कोंडी बरीचशी फोडली. कोकणातल्या फणसवळ्याची, बांबूची आयदाने विणून लेकरे वाढवणारी आई आणि मुंबईत सरकारी नोकरी करणारी मुलगी अशा दोन राबणाऱ्या आया इथे समोरासमोर उभ्या आहेत. लग्नानंतरचे शिक्षण, नोकरी, मुले, सभा आणि या सगळ्याला घरातून होणारा विरोध, हे पवारांनी न लपवता लिहिले. सुशिक्षित, चळवळ मानणाऱ्या घरातही शिकायची मुभा 'घरातले सगळे करून' या अटीवर मिळते, हे त्यांनी सांगितले तेव्हा आपल्यातल्या अनेकांना ते रुचले नाही. चळवळीची बदनामी होते, असे म्हटले गेले. बदनामी कशाने होते? सांगण्याने, की तसे वागण्याने?

४

इथे एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. लहान मुलांच्या आईची ओढाताण ही सर्व जातींच्या स्त्रियांची कहाणी आहे, तीत दलित असे काय? शिवाय जातीच्या लढाईत असले घरगुती प्रश्न काढले की लढाई पांगते.

पहिल्या भागाचे उत्तर असे. जात जशी पाणवठ्यावर असते, तशी ती पाळण्यापाशीही असते. मूल कुणाकडे ठेवायचे याला जात असते. शेजारीण चालते की नाही, तिच्या घरचे पोराने खाल्लेले चालते की नाही, भाड्याची खोली कुठल्या वस्तीत मिळते आणि तिथून कामाची जागा किती लांब, या सगळ्याला जात असते. पांढरपेशा बाई नोकरीला जाते तेव्हा तिचे मूल सांभाळायला जी मावशी येते, ती कुठल्या वस्तीतून येते? आणि त्या मावशीचे मूल कुणाजवळ असते? 'नोकरी करणाऱ्या आईची तारेवरची कसरत' असे मथळे आपण वाचतो. त्या तारेखाली जाळे धरून उभी असलेली बाई मथळ्यात नसते. आणि हेही बोलले पाहिजे, की आज आमच्यापैकी ज्या दोन-चार जणी प्राध्यापिका, परिचारिका, कारकून झालो, त्यांच्या घरीही जाळे धरायला आईच येते, सासू येते, किंवा वस्तीतलीच कुणी गरीब बाई येते. खांदा बदलतो, ओझे तेच राहते.

ऊसतोडीच्या फडावर जाऊन पाहा. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला टोळ्या निघतात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोन माणसे, नाव एक. मुकादमाकडून उचल घेतो तो पुरुष. बाई पहाटे कोपीत भाकरी थापते, मग फडात मोळ्या बांधते, त्या डोक्यावर वाहून गाडीत चढवते. लेकरू पाचटावर किंवा कोपीत, धाकट्याला मोठे राखते. याच स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाला समिती नेमावी लागली. पाळी आणि बाळंतपण म्हणजे बुडालेला खाडा, अशी जिथे मोजणी होते, तिथे आईपण हा 'घरगुती' प्रश्न राहतो काय?

आक्षेपाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे ही राष्ट्रहिताची बाब मानली. त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि ज्या मालकाला तिच्या श्रमाचा फायदा मिळतो त्यालाही जबाबदारीतून सुटता येऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. महाडचा सत्याग्रह होऊन जेमतेम वर्ष झाले होते. पाण्याची लढाई चालू असताना बाळंतिणीच्या रजेवर बोलल्याने लढाई पांगते, असे त्यांना वाटले नाही. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका यांत राबणाऱ्या स्त्रियांना रजा, नुकसानभरपाई, निवृत्तिवेतन मिळावे, असे ठराव तिथे आमच्या आज्यांनी केले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई नको, मुले थोडी असू द्या, नवऱ्याची दासी होऊ नका, मैत्रीण व्हा, असे सांगितले. घर आणि चळवळ यांत त्यांनी भिंत घातली नव्हती. ती नंतर आपण घातली.

कायदे पुढे वाढले. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे केली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद होती. कागदावर हे मोलाचे आहे. पण घरकाम करणाऱ्या मावशीची आस्थापना कोणती? ऊसतोडणीवाल्या बाईचा मालक कोण, मुकादम की कारखाना? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला तास झाला तर पैसे मिळतात, नाही झाला तर नाही. तिच्या बाळंतपणाचा तास वेळापत्रकात नसतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने गावोगाव अंगणवाडी नेली, हे मोठे काम झाले. पण तिथे बसते ते तीन वर्षांपुढचे मूल, तेही काही तास. एक वर्षाचे पोर घेऊन बाईने कुठे जावे? आणि अंगणवाडी चालवणाऱ्या बाईच्या हातावर पडते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. पोर सांभाळणे हे कामच नव्हे, या समजुतीला सरकारी शब्द सापडला आहे.

५

साहित्याचा याच्याशी संबंध इथेच येतो. जे काम मोजले जात नाही ते लिहिले जात नाही, आणि लिहिले गेले नाही की मोजायचे कारणही उरत नाही. आपण आईला त्यागमूर्ती म्हणतो तेव्हा नकळत याच व्यवहाराला हातभार लावतो. रमाईंच्या त्यागाची गाणी आपण मनापासून गातो. पाच लेकरांपैकी चार त्यांनी गमावली. त्या चार मृत्यूंना त्याग म्हणायचे, की दारिद्र्याने एका आईच्या मांडीवरून उचलून नेलेली मुले म्हणायचे? त्याग माणूस आपल्या हाताने करतो. जे हिसकावून घेतले गेले, त्याला त्याग म्हटले की हिसकावणारा सुटतो.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून बोलते केले. कडेवर लेकरू घेऊन सभेला, मोर्चाला आलेल्या त्या बायका. आजही आपल्या संमेलनांत मागच्या रांगेत त्या असतात. मूल रडले की उठून बाहेर जावे लागते ते त्यांनाच. परिसंवादातली कितीतरी वाक्ये त्यांच्या कानावर पडलेलीच नसतात. मग आपण म्हणतो, स्त्रिया वैचारिक लेखन का करीत नाहीत?

म्हणून काही गोष्टी मागायच्या आहेत. समीक्षकांनी यापुढे एखाद्या दलित कथेतली, कवितेतली आई वाचताना तिच्या कष्टांबरोबर तिच्या वेळेचाही हिशेब मागावा : ती कधी उठली, पोर कुणाकडे दिले, त्याबद्दल काय द्यावे लागले, रात्री निजली कधी. लिहिणाऱ्या भगिनींनी हा हिशेब क्षुल्लक समजून वगळू नये. शाळेच्या घंटेपूर्वीचा अर्धा तास, दाटून आलेली छाती आणि समोर भरलेला वर्ग, पोराच्या तापासाठी मागितलेली अर्धी रजा आणि ती देणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे 'राखीव जागेवाली' हे न उच्चारलेले विशेषण, हा सर्व दलित साहित्याचा अस्सल ऐवज आहे. आणि लिहिणाऱ्या बांधवांनी आता आईवर लिहिणे थोडे थांबवून बाप म्हणून लिहावे. तुम्ही सभेत होता, मोर्चात होता, कविसंमेलनात होता. तुमच्या मुलांना त्या वेळी कुणी पाजले, निजवले, शाळेत सोडले, हे तुमच्या आत्मकथनात आले पाहिजे. ते सांगायला लागलात, की थोरल्या बहिणीचे नावही लिहावे लागेल. निदान तेवढे तरी लिहा.

संमेलनांच्या आयोजकांना एक व्यवहाराची सूचना आहे. मांडव, ध्वनिक्षेपक आणि जेवण यांच्या खर्चाशेजारी पाळणाघराचा खर्च लिहा. तिथे पोरे राखायला पाळीपाळीने कार्यकर्ते पुरुष नेमा. मागच्या रांगेतल्या बायका पुढे येऊन बसतील. त्या काय बोलतात ते मग ऐकू.